एका पानाचा नैवेद्य

"एकट्या जिवासाठी काय चूल पेटवायची?" हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते, विशेषतः माझ्या वयाच्या बायांकडून. मुले पुण्या-मुंबईला, मालक वैकुंठवासी, आणि दुपारचे जेवण म्हणजे चहात बुडवलेली कालची पोळी. भुसावळात आमच्या हरिपाठाच्या मंडळात अशा पाच-सहा जणी आहोत. गेल्या वर्षी त्यातल्या एकीला भजन चालू असतानाच भोवळ आली. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "आजी, औषध नको. जेवत जा." तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे.

वारीत असा प्रश्नच पडत नाही. श्रीसंत मुक्ताईंची पालखी कोथळीहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. वाटेत दिंडीच्या पंगतीला शेकडो पाने बसतात. कुणी कणीक मळते, कुणी वाढते, कुणी पाणी देते. आषाढी करून घरी परतले, की मात्र ओट्यासमोर एकच ताट उरते आणि हात जड होतात.

त्यात गीतेचा धाक. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भगवंत सांगतात, की जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. कीर्तनात हे ऐकल्यावर एकट्या राहणाऱ्याने काय करायचे? ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी माउली बजावतात, की अन्नाला सामान्य समजू नका, ते ब्रह्मरूप आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर मला वाटते, भगवंत तिथे ताटे मोजत नाहीत. दहा माणसांचा स्वयंपाकसुद्धा 'हिच्या हाताला चव आहे' हे ऐकण्यासाठी होऊ शकतो, आणि मग तो आपल्यासाठीच झाला. उलट एका ताटावर तुळशीपत्र ठेवून ते पांडुरंगाला दाखवले, भाकरीचा पहिला तुकडा गाईसाठी काढला, तर मागे उरतो तो प्रसाद. तो एकट्याने खाल्ला म्हणून पाप कसे होईल?

चातुर्मासात माझे ताट अगदी साधे असते. कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद आणि त्यातच मीठ घालून दळून आणले, की महिनाभर पीठ पुरते. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरीला तडा जात नाही. मिरच्या तव्यावर थोड्या तेलात परतायच्या, भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर आणि मीठ घालायचे आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचे. कांदा-लसूण नाही, तरी घरभर वास सुटतो. दोन भाकरी आणि ठेचा, गॅस धरून १५-२० रुपयांचे काम. चंपाषष्ठीला वांगी सुटली, की बामणोदचे एखादे हिरवे वांगे आणून भाजते. त्या दिवशी भरीत.

भाकरी थापताना दोन्ही हात पिठाचे असतात. फोन वाजला तरी उचलता येत नाही. पराती­वर हाताचा ठेका पडतो आणि त्या ठेक्यावर 'रामकृष्ण हरी' आपोआप बसते. जनाबाई दळताना विठ्ठल जात्याला हात लावायचा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जाते आता गेले, पण हाताचे काम आणि मुखी नाम ही जोडी परातीपुढेही जमते. भाकरी तव्यावर टाकावी, वरून पाण्याचा हात फिरवावा, उलटावी आणि मग आचेवर धरावी. ती टम्म फुगते तेव्हा पाहायला कुणी नसते. कुणी वा म्हणत नाही, कुणी मीठ कमी म्हणत नाही. निष्काम कर्म म्हणजे काय, हे मला प्रवचनापेक्षा त्या फुगलेल्या भाकरीपाशी जास्त कळले.

आमचे गाव रेल्वेचे. आमचे हे गाडीवर असायचे. रात्री दोनला आले तर दोनला तवा ठेवायचा, पहाटे निघाले तर चारला डबा. चाळीस वर्षे या घरात भुकेची वेळ गाड्यांनी ठरवली. त्यात कष्ट होते आणि सुखही होते. आता माझी भूक लागते तेव्हा मी तवा ठेवते. हेही पांडुरंगाचेच देणे म्हणायचे.

या कामाला हलके मानू नये, हे आपल्या मुक्ताईंनी दाखवले आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले म्हणून मुक्ताई खापर आणायला निघाल्या, आणि विसोबांनी कुंभारांना ते देऊ दिले नाही. तेव्हा ज्ञानोबारायांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईंनी तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबा शरण आले, असे परंपरा सांगते. खानदेशात मांडे अजून खापरावरच होतात. ते करताना मला नेहमी वाटते, त्या भावंडांना एक खापर मिळाले नाही. आपल्या घरात तवा आहे, पीठ आहे, आच आहे. आणि आपण म्हणतो, एकटीसाठी कशाला?

दारात कुणी माळकरी आला तर आपण त्याला शिळे वाढत नाही. हातपाय धुवायला पाणी देतो, तव्यावरची गरम भाकरी देतो, कारण त्याच्यात पांडुरंग पाहतो. तोच पांडुरंग आपल्याही आत बसला आहे. या देहाने टाळ धरायचा आहे, या पायांनी पुढची वारी चालायची आहे.

आता मंडळात आम्ही एक नेम केला आहे. हरिपाठ संपला की एकमेकींना विचारायचे, "बाई, आज काय केलं होतं?" उत्तरात ताज्या अन्नाचे नाव आले पाहिजे. एकादशीला प्रश्नाला सुट्टी. द्वादशीला मात्र सगळ्याजणी पारण्याला काय केले ते न विचारताच सांगतात. भोवळ आलेल्या आमच्या मैत्रिणीने परवा वरण-बट्टी केली, एकटीसाठी, आणि दोन बट्ट्या जास्तच झाल्या म्हणून माझ्याकडे आणून दिल्या.

रामकृष्ण हरी.