तुम्हाला काय करायचंय?

स्वातंत्र्याची व्याख्या करायला विद्वानांना जाडजूड ग्रंथ लागले. आमच्या निजामपुऱ्यात ती तीन शब्दांत उरकते : 'तुम्हाला काय करायचंय?'

शेजारच्या गाळ्यातले यंत्रमाग रात्री दोनला खटखटू लागले आणि तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढलंत, की हेच उत्तर. जिन्यात मोपेड लावणाऱ्याचंही हेच. महानगरपालिकेच्या नावात भिवंडीला जोडून निजामपूर आहे, तेवढ्या मानावर आम्ही सगळं सोसतो. शिवाय आवाजाचं एक बरं असतं. तो आला की कळतं. कानात बोळे घालता येतात.

गोवराचं तसं नाही. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पोर तो वाटत सुटतं. पोर खोलीतून निघून गेलं, तरी गोवर पुढे दोन तास तिथल्या हवेत मुक्कामाला राहू शकतो. लस नसलेल्या वस्तीत एक पोर बारा ते अठरा जणांना प्रसाद देतं. दिवाळीचा फराळसुद्धा आम्ही इतक्या घरी पाठवत नाही.

२०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली. पोरं दगावली. आशाताई दारोदार फिरत होत्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला एकही डोस नव्हता. "माझं पोर आहे. आजारी पडलं तर मी बघीन. तुम्हाला काय करायचंय?"

तसा मुद्दा बिनतोड. पोराचं भलंबुरं बापाने नाही ठरवायचं, तर काय नगरसेवकाने? पण जिना एकच ना! तळमजल्यावर सहा महिन्यांचं बाळ होतं. पहिला डोस नऊ महिन्यांनी मिळतो, तोवर त्याची सगळी भिस्त इतरांच्या दंडावर. शंभरातल्या पंच्याण्णवांनी दोन्ही डोस घेतले, तर गोवराला पुढची वाट सापडत नाही. उरलेल्या पाच जागा अशा तान्ह्यांच्या आणि दुखणाईतांच्या. त्यात धडधाकट पोराला बसवायचं म्हणजे एसटीत बाळंतिणीच्या जागेवर गड्याने पथारी पसरण्यापैकी आहे.

हे मी त्यांना आकडेवारीसकट ऐकवलं. ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर?"

मी कारकून. संवाद संपला.

तळमजल्यावरच्या आजी आकड्यांच्या वाटेला गेल्या नाहीत. नातवाला दुपट्यात गुंडाळून, गुडघे धरत दोन जिने चढल्या आणि त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"याला जरा धरा हो."

दिलेलं बाळ कोण नाकारतो? त्यांनी धरलं. बाळाने त्यांच्या चष्म्याला हात घातला.

"आता विचारा त्याला," आजी धापा टाकत म्हणाल्या, "तुला काय करायचंय म्हणून."

गृहस्थ एका डोळ्यावरच्या चष्म्यातून बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, छोट्याचं टोचायचं कार्ड कुठे ठेवलंयस?"

ते विजेच्या बिलांत निघालं.