करंट कुठवर आलाय

पेट्रोलची जुनी गाडी दोन तऱ्हांनी बंद पडते. एका तऱ्हेत ती खोकते, फुरफुरते, काळा धूर सोडते, म्हणजे निदान तक्रार तरी करते. दुसऱ्या तऱ्हेत काहीच बोलत नाही. सेल्फ मारला की इंजिन खुशाल फिरत राहतं, एका लयीत, मध्ये एकही फटका येत नाही. बॅटरी दमत जाते तसा तो आवाज खर्जात उतरतो. प्लग काढून हुंगला तर पेट्रोलचा वास, टोक ओलं. पेट्रोल आलंय, हवा आलीय, हँडल फिरवताना हाताला दाबही लागतोय. मग मिस्त्री लोक हात पुसत एवढंच म्हणतात, "प्लगला करंट नाही."

आमची पिकअप जीपच्या घराण्यातली. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं पेटली की हिच्या हौद्यात गुळाचे रवे रचायचे आणि बाजारात नेऊन उतरवायचे, यात तिची उमेदीची वर्षं गेली. हौद्याच्या फळ्यांना अजून उन्हात गुळाचा वास सुटतो. बोनेटखाली हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं, सुमारे २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन. मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची थोडी विचित्र मांडणी. मूळचं अमेरिकेतल्या विलिसचं हे इंजिन महिंद्रच्या जीपांमधून आपल्या घाटमाथ्यांवर फिरलं. पुढे स्वस्त पडतं म्हणून बहुतेकांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली. आमच्या आजोबांना डिझेलची खडखड सहन होत नसे. त्यांच्या त्या एका नावडीमुळे आमच्याकडे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल ही मंडळी शाबूत राहिली.

या मंडळींचं काम मला आजही नवल वाटावं असं आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट प्लगच्या टोकाशी काहीच करू शकत नाहीत. तिथली फट जेमतेम पाऊण मिलिमीटर, पण दाबलेल्या मिश्रणातून ती ओलांडायची तर कित्येक हजार व्होल्ट लागतात. मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून दाखवलं होतं, की एका तारेतला प्रवाह बदलला की शेजारच्या तारेत वीज उमटते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने त्यावरून मोटारीसाठी जी व्यवस्था बसवली, ती डेल्को कंपनीमार्फत १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आली. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे एकाच गाभ्यावर. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघडमिट करणारी दोन टोकं, मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. मग कॅमचा उंचवटा येतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, साठलेलं चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. कंडेन्सर त्या क्षणी पॉइंटच्या फटीत उडी मारू पाहणारा प्रवाह स्वतःत ओढून घेतो, म्हणून तुटणं झटकन होतं. प्रवाह जोडल्यानं काही होत नाही, ठिणगी पडते ती तुटल्यावर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल तर हे जोडणं-तुटणं सेकंदाला शंभर वेळा चालतं, आणि आपण स्टिअरिंगवर बोटं वाजवत गाणं ऐकत असतो.

यातलं काहीतरी थांबलं, की बघ्यांची गर्दी एकमुखानं कॉइलकडे बोट दाखवते. कॉइल दिसायला भारदस्त, दुकानात सहज मिळणारी, बदलायला सोपी. सुटे भाग बदलत राहायचे आणि कधीतरी गाडी सुरू झाली की त्याला दुरुस्ती म्हणायचं, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यात खिसा रिकामा होतो आणि कळत काहीच नाही. उद्यमनगरात उमेदवारी केलेले आमचे मिस्त्रीमामा आता स्वतः पाना हातात धरत नाहीत, शेजारी खुर्ची टाकून सांगतात. मी म्हटलं, "मामा, कॉइल गेली असेल का?" तर म्हणाले, "कॉइल आणाय पळू नगंस. आदी बघ, करंट कुठवर आलाय."

उसाच्या शेतात शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही, तर शेतकरी मोटर बदलत नाही. पाटाच्या कडेनं चालत जातो आणि पाणी कुठून फुटलंय ते शोधतो. मामांचं सांगणं तेच होतं.

पहिली खूण डॅशबोर्डवरच मिळाली. या गाड्यांना अँपिअरचा काटा असतो. चावी चालू ठेवून हँडलनं इंजिन हळू फिरवलं, तर पॉइंट मिटताना काटा डिस्चार्जकडे किंचित झुकतो आणि उघडताना परत येतो. (हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.) आमचा काटा झुकला तो झुकलेलाच राहिला. वीज कुठेतरी सतत वाहत होती, तुटतच नव्हती.

पुढचं काम टेस्ट लॅम्पचं. डॅशबोर्डचा छोटा बल्ब, दोन तारा आणि टोकांना क्लिपा, एवढाच तो. एक क्लिप ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला लावली. कॉइलच्या माथ्यावर दोन टर्मिनल असतात, एकाजवळ एसडब्ल्यू आणि दुसऱ्याजवळ सीबी अशी अक्षरं कोरलेली. पहिलं स्विचकडचं, दुसरं कॉन्टॅक्ट ब्रेकरकडचं. पहिल्याला दुसरी क्लिप टेकवली आणि बल्ब लागला. त्याबरोबर बॅटरी, चावी आणि डॅशमागचं वायरींचं जंजाळ संशयातून सुटलं. दुसऱ्याला टेकवून सेल्फ मारला, तर बल्बनं खरं म्हणजे लुकलुकायला हवं होतं. पॉइंट उघडले की पेट, मिटले की विझ. आमचा बल्ब पेटलाच नाही. सतत पेटून राहिला असता तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्या तोंडावर गंज-तेलाचा थर बसलाय, असं समजायचं. मिट्ट काळोख असेल तर दोन शक्यता उरतात. कॉइलची आतली तार तुटलीय, किंवा पुढे कुठेतरी वीज मध्येच गाडीच्या लोखंडाला मिळतेय. काटा झुकून राहिला होता, म्हणजे दुसरीच खरी. तरी मामा म्हणाले, "खात्री कर."

सीबीवरची डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार काढली आणि बल्ब पुन्हा त्या टर्मिनलला लावला. लागला. कॉइल ठणठणीत होती.

"आता डेल्को उघड," मामांनी फर्मावलं. मिस्त्री लोक डिस्ट्रिब्युटरलाच डेल्को म्हणतात.

टोपी आणि रोटर बाजूला काढले. पावसाळ्यात टोपीच्या आत दमट वाफ धरते किंवा रोटरला केसाएवढी चीर जाते आणि तिथूनही ठिणगी पळते, पण तो पुढच्या टप्प्यातला दोष. इथे वीज तिथवर पोचतच नव्हती. सुटी केलेली तार परत सीबीला जोडली. कंडेन्सरची वायर सुटी केली तरी बल्ब काळाच. मिटलेल्या पॉइंटमध्ये कोरडा कागद सरकवला, तरी काळाच. उरली बोटभर लांबीची एक तार, डिस्ट्रिब्युटरच्या अंगातल्या भोकातून आत येऊन पॉइंटला मिळणारी. वर्षानुवर्षांच्या धगीनं तिचं रबर कडक होऊन तडकलं होतं आणि आतलं तांबं भोकाच्या कडेला टेकत होतं. गेल्या हंगामात खराब रस्त्यावर गाडी मधूनच अडखळायची आणि आम्ही पेट्रोल पंपवाल्याला शिव्या द्यायचो, त्याचंही कारण तेव्हाच कळलं.

मऊ, लवचिक वायरचा तुकडा आणि त्यावर नळी, एवढीच दुरुस्ती. उघडलंच होतं म्हणून पॉइंट पॉलिश पेपरनं घासून वीस थावच्या (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पात्यानं फट बसवली. कॉइलची मधली जाड तार रबरी मुठीच्या पकडीत धरून ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवली आणि सेल्फ मारायला सांगितला. टक्, टक्, टक्. निळी, भरीव, कोरड्या आवाजाची ठिणगी. पिवळट आणि रोडावलेली पडली असती, तर कंडेन्सरवर शंका घ्यावी लागली असती. मामांनी पाहिली आणि चहा मागवला.

तुमच्या गोठ्यात, परसात अशी एखादी पेट्रोल जीप किंवा पिकअप धूळ खात असेल, तर तिच्या कप्प्यात बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन हात वायर, पॉलिश पेपर आणि वीस थावचं पातं ठेवून द्या. आणि प्लगपाशी करंट मिळाला नाही, तर बल्ब सीबीला लावून पाहिल्याशिवाय कॉइलच्या दुकानाची पायरी चढू नका.