काकांची मोटार आणि बादलीभर पाणी

शहाद्याचा उन्हाळा कसा असतो, हे तेथे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. गोमाईचे पात्र सुकते, वारा खेतियाच्या रस्त्यावरची धूळ उचलून गावात आणतो, आणि रात्री झाडलेला ओटा सकाळी पुन्हा करडा होतो. अशा दिवसांत मोटार धुण्याची गोष्ट काढणे म्हणजे घरात कलह ओढवून घेणेच होय.

परंतु मोटार पडली थोरल्या काकांची. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविल्यावर, निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ती घेतली. रंग गडद निळा. त्यावर धूळ लपत नाही. काका ती चालवीत नाहीत, पण संध्याकाळी तिच्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसतात.

पूर्वी आम्ही नळाला नळी जोडून ती धूत असू. एके दिवशी मातोश्री ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती पाणी गेलं, मोजलंस का रे?" मोजले नव्हते. मोजले तेव्हा मात्र चपापलो. पंधरा लिटरची बादली नळीखाली दीड मिनिटात भरली, आणि आम्ही वीस मिनिटे तरी नळी सोडीत असू. म्हणजे 200 लिटर! 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने जवळजवळ चार माणसांचे पाणी आम्ही चाकांखाली घालीत होतो. मार्च 2024 मध्ये बंगळूरात पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास 5000 रुपये दंड ठरविण्यात आला. आमच्या घरी दंड नव्हता. मातोश्रींची नजर तेवढी पुरे होती.

मग आम्ही काटकसरीच्या भरीस पडलो, आणि तेथेच घात झाला. तांब्याभर पाण्यात काकांचे जुने धोतर भिजवून ते बॉनेटवर गोल गोल फिरविले. पाणी वाचविल्याची फुशारकी दुपारपर्यंत टिकली. उन्हे कलली तशी त्या निळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकू लागले. काका जवळ आले. एका ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरविले आणि काही न बोलता ते आत गेले. रागावले असते तर बरे झाले असते. रात्री पानावर त्यांनी ताक मागितले नाही, हे घरातील सर्वांनी पाहिले. बोलले कोणी नाही.

आमच्या घरासमोर भाड्याची एक जीप उभी असते. तिचा चालक धडगावकडचा; त्या डोंगराळ मुलखातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका उतार उतरून झिऱ्याचे पाणी डोक्यावर आणतात. हा गृहस्थ रोज पहाटे थोडक्या पाण्यात जीप लख्ख करतो, आणि आम्ही शिकलेली माणसे ते कधी पाहावयास गेलो नव्हतो! ओरखडे पाहून तो म्हणाला, "भाऊ, धूळ भिजायच्या आत तुम्ही फडकं लावलं."

गोष्ट खरी होती. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. काळ्या दगडाचे बारीक कणही तीत असतात, आणि ते मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थराहून कठीण असतात. फडक्याखाली सापडले की ते कानशीप्रमाणे काम करतात. त्यातून धोतराचा जाड काठ! त्याने तर धूळ ओढीतच नेली.

आता आमची रीत अशी आहे. उन्हापूर्वी, गाडी सावलीत असतानाच कामास लागावयाचे. कारण आमचे बोअरचे पाणी जड, थेंब उन्हात वाळला की पांढरा डाग मागे ठेवतो. फवारणीचा लहान पंप घेतला आहे, अगदी कोरा. शेतातला घेऊ नये, त्यात औषधाचा अंश राहतो. त्याने दोन लिटर पाणी साऱ्या गाडीवर तुषारांसारखे सोडावयाचे आणि घटकाभर नव्हे, पण चहा होईपर्यंत थांबावयाचे. त्यातही पाणी वाळू लागले तर पुन्हा तुषार. मग दोन लहान बादल्या, प्रत्येकीत पाच-पाच लिटर: एकीत मोटारीचा साबण, दुसरी फडके खळबळण्यासाठी. मायक्रोफायबरचे मऊ फडके, दाब न देता, सरळ रेषेत, छपरापासून खाली. चाके शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे. उरलेले तीन लिटर पुन्हा पंपातून. की लगेच कोरडे पुसणे. पंधरा लिटर झाले. चिखल लडबडलेली गाडी मात्र एवढ्यात निघत नाही. तिचा प्रश्न पावसाळ्यात, आणि तेव्हा पाण्याची ददात नसते.

मातोश्रींनी पहिल्या दिवशी बादली स्वतः भरून दिली व संपेपर्यंत उभ्या राहिल्या. काकाही आले होते. पुसून झाल्यावर त्यांनी एका बाजूच्या आरशावरील राहिलेला थेंब उपरण्याच्या टोकाने टिपला.

ओरखडे अजून आहेत. संध्याकाळची खुर्ची काका आता गाडीच्या मागल्या बाजूस टाकतात.