शंभर कोटींची बेरीज

आमच्या गच्चीवरून रेणुकामातेच्या गडावरचे दिवे दिसतात. दिवाळीत माहूरला गेलो की रात्री जेवणं आटोपून आम्ही चौघं त्या गच्चीवर जमतो. चौघंही नांदेडला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो आणि चौघंही आज प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. इतक्या वर्षांत एकमेकांची नावं मागे पडली आणि भाषा चिकटल्या. मी सीवाला. दुसरा जावावाला, तिसरा पायथॉनवाला. चौथा दर दोन वर्षांनी पंथ बदलतो. सध्या तो रस्टवाला आहे.

गच्चीवरचा विषय ठरलेला: कुणाची भाषा वेगवान. आणि विनोदही ठरलेले. पायथॉनवाल्याने प्रोग्रॅम सुरू केला, गडाच्या पायऱ्या चढला, दर्शन घेतलं, प्रसाद घेऊन खाली आला, तरी पडद्यावर कर्सर लुकलुकतच होता. जावा म्हणजे थंडीतलं डिझेल इंजिन; दहादा हँडल मारल्याशिवाय धडधडत नाही, पण एकदा लागलं की अख्खं शिवार भिजवतं. सीवाला सगळ्यांच्या आधी पोचतो, मात्र कुठे पोचला ते त्यालाही पोचल्यावरच कळतं. रस्टवाला अजून घरातून निघालेलाच नाही, कंपायलर त्याची कागदपत्रं तपासतोय.

हे विनोद टिकले, कारण प्रत्येकात मूठभर खरं आहे. डेनिस रिचीने १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली. तिच्यात दोन संख्यांची बेरीज लिहिली, की त्या संख्या कुठल्या जातीच्या आहेत ते आधीच पक्कं ठरलेलं असतं. कंपायलर त्याची थेट यंत्राची आज्ञा करून ठेवतो. पायथॉनचं तसं नाही. गिडो वान रोसमची ही भाषा १९९१ साली लोकांपुढे आली, ती माणसाचा वेळ वाचवायला. तिथे बेरीज करायची म्हणजे आधी डबा उघडायचा, आत संख्या आहे की अक्षरं ते बघायचं, त्यानुसार रीत शोधायची आणि उत्तर नव्या डब्यात घालून ठेवायचं. शंभर कोटी वेळा करायचं तर शंभर कोटी वेळा डबे उघडायचे. किराणा दुकानदार दर गिऱ्हाइकाला बरणीवरची चिठ्ठी वाचून मग साखर तोलू लागला तर रांग कुठवर जाईल, तसंच हे. जावाचं इंजिन मात्र चालता चालता बघत असतं की कुठला तुकडा पुन्हा पुन्हा येतोय, आणि तेवढ्याचं यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवतं. म्हणून ती सुरुवातीला धापा टाकते आणि मग पळते. रस्टचा कंपायलर कटकट्या आहे, पण सीमधल्या स्मृतीच्या ज्या चुका माझ्यासारखे रात्री दोन वाजता शोधत बसतात, त्यातल्या बहुतेक तो दारातच अडवतो.

एका वर्षी शब्दांवर भागेना, तेव्हा लॅपटॉप काढले. पैज साधी होती. एकपासून शंभर कोटीपर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज एकेक आकडा मिळवत करायची, आणि घड्याळ लावायचं.

पहिला मान माझा. एंटर दाबलं आणि वेळ आली शून्य. शून्य पूर्णांक शून्य शून्य. मी गच्चीवर उभा राहून गडाकडे बघत हात जोडले. जावावाला माझ्या पडद्यावर वाकला आणि म्हणाला, "काही केलंच नाही बे तू, तर वेळ कशाला लागंल?" खरंच होतं. बेरीज करून मी ती कुठे छापलीच नव्हती. सीच्या कंपायलरने पाहिलं की हे उत्तर कुणालाच नकोय, आणि अख्खी फेरी कापून टाकली. वेगाच्या चाचण्यांत ही फसगत इतकी जुनी आहे, की आमच्या धंद्यात कुणी शून्य सेकंद दाखवले तर आधी अभिनंदन करत नाहीत, उत्तर दाखव म्हणतात.

मी बेरीज छापायची ओळ घातली आणि पुन्हा चालवलं. या वेळीही अर्धा सेकंद लागला नाही. उत्तर आलं: उणे २४,३३,०९,३१२.

शंभर कोटी धन संख्यांची बेरीज ऋण! पायथॉनवाला हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. मी घाईत साधा पूर्णांक घेतला होता, बत्तीस बिटांचा. त्यात जेमतेम दोनशे चौदा कोटी मावतात. माप भरलं की तो जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा गरकन फिरतो आणि उण्यातून मोजायला लागतो. खरं उत्तर अठरा आकडी आहे. पायथॉनमध्ये ही अडचणच येत नाही. संख्या वाढली की डबा आपोआप मोठा होतो. तो डबे उघडतो म्हणून आम्ही त्याला हसत होतो, त्याच डब्यांनी त्याला तारलं.

त्याचा प्रोग्रॅम मात्र मिनिट उलटलं तरी चालूच होता. चहा आला, संपला. मग त्याने कंट्रोल आणि सी दाबून तो थांबवला, फेरी खोडली आणि दहावीच्या पुस्तकातलं अंकगणिती श्रेढीचं सूत्र एका ओळीत लिहिलं: संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणा आणि दोनाने भागा. उत्तर तत्काळ. अठरा आकडी आणि बरोबर. ही बेइमानी आहे म्हणून आम्ही तिघांनी आरडाओरडा केला, खालून आईने विचारलं काय झालं म्हणून. माझं मत आजही तेच आहे, पैजेच्या नियमाने तो हरला. पण क्लँगसारखा हुशार कंपायलर अशी फेरी दिसली की तिच्या जागी गुपचूप तेच सूत्र बसवतो, हे मी त्याला त्या रात्री सांगितलं नाही.

हा वाद आमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्याच्या चमूने फोरट्रॅन आणली, तेव्हा त्यांना काळजी होती ती याचीच. यंत्रभाषेत हाताने प्रोग्रॅम लिहिणारे मुरलेले लोक म्हणणार, की कंपायलरने काढलेलं काम आमच्या निम्म्या वेगानेही पळणार नाही. म्हणून त्यांनी सगळा जीव वेगात ओतला. आज ज्या सीच्या जोरावर मी मिशीला पीळ देतो, तिलाही यंत्रभाषावाल्यांनी असंच हिणवलं होतं. आणि पायथॉन आतून कशात लिहिली आहे? सीमध्ये. तिच्या आकडेमोडीचं नमपाय घ्या, पोटात सीच. पायथॉनवाला जेव्हा झपाट्याने लाखो आकडे गुणून दाखवतो, तेव्हा बोलविता धनी वेगळाच असतो. हे मी दर दिवाळीला सांगतो. तो दर दिवाळीला म्हणतो, "मग तू गडी, मी मालक."

वेगाचं एक प्रमाण मी नव्या पोरांना सांगतो. प्रोसेसरला एक साधं काम करायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. समजा तो एक नॅनोसेकंद आपल्या एका सेकंदाएवढा ताणला. मग मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट आणायला पावणेदोन मिनिटं लागतात. एसएसडीवरून आणायला एक दिवसाहून जास्त. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून आणायला आषाढीला निघालेला माणूस कार्तिकीला परत येतो, अख्खा चातुर्मास. आम्ही भाषांवरून भांडतो ते सेकंदांसाठी, आणि प्रोग्रॅम बसलेला असतो कार्तिकीची वाट बघत.

हे प्रमाण मी पुस्तकातून शिकलो आणि कामात विसरलो. पुण्यात एका कंपनीत असताना आमच्याकडे एका साखर कारखान्याचं काम होतं. पंधरवड्याची ऊसबिलं. बारा हजार शेतकरी. प्रत्येकाचं काट्यावरचं वजन, दर, सोसायटीची कपात, हातात पडायची रक्कम. प्रोग्रॅम पायथॉनमध्ये होता आणि त्याला बेचाळीस मिनिटं लागायची. मी पाहताक्षणी निदान केलं: पायथॉन! तीन आठवडे खपून अख्खी आकडेमोड सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिली. सगळ्यांना बोलावून चालवून दाखवली. चाळीस मिनिटं लागली.

हिशोबाचा भाग दोन मिनिटांवरून दोन सेकंदांवर आला होता, साठपट वेगवान. उरलेली चाळीस मिनिटं जशीच्या तशी. टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी होती. तिने माझा प्रोग्रॅम वाचलाच नाही. तो कुठे किती वेळ थांबतो, एवढंच मोजलं. आम्ही दर शेतकऱ्यासाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारत होतो आणि इंडेक्स नसल्यामुळे तो बिचारा दर वेळी सगळं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळत होता. एका प्रश्नाला सेकंदाचा पाचवा भाग. आपल्या ताणलेल्या घड्याळात सहा वर्षांहून जास्त. असं बारा हजार वेळा. तिने इंडेक्स टाकला, सगळ्यांची माहिती एकाच प्रश्नात मागवली, आणि बिलं अर्ध्या मिनिटात निघायला लागली. ती मला म्हणाली, "सर, जुना पायथॉनचाच ठेवायचा का? वाचायला सोपा आहे." ठेवला. माझं सी प्लस प्लस एका फोल्डरमध्ये पडून आहे.

मोजण्याची ही अक्कल खरं तर मला घरातच मिळायला हवी होती. बाबांचं गडाच्या पायथ्याशी पूजासाहित्याचं दुकान आहे. रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप खलबत्त्यात कुटून केलेला. नवरात्रात बत्त्याचा ठक-ठक आवाज पहाटेपासून सुरू होतो आणि दुकानापुढे रांग लागते. एका वर्षी बाबांनी रांग हटावी म्हणून कुटायला आणखी एक माणूस ठेवला. दोन खल, दोन बत्ते. आमच्या भाषेत याला समांतर प्रक्रिया म्हणतात. हवा तो क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही, तेव्हा विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला तो याच वाटेने: एक राक्षसी प्रोसेसर नको, ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची फौज कामाला लावायची. पण जीन अ‍ॅमडालने १९६७ सालीच बजावून ठेवलं होतं, की कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तो शेवटी सगळ्यांना अडवतो.

बाबांची रांग इंचभरही हटली नाही. दुपारी ते खलाजवळून उठले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन स्टुलावर बसले. अर्धा तास नुसते बघत होते. मग आत येऊन आईला म्हणाले, "कुटण्यात काही अडून नाही राह्यलं. सुट्ट्यात अडून राह्यलं."

पुडी चाळीसची होती. माणूस पन्नासची किंवा शंभराची नोट काढायचा, आई गल्ल्यात दहाच्या नोटा शोधायची, नाहीतर शेजारच्या फुलवाल्याकडे पाठवायची. तेवढ्यात मागे चार माणसं वाढायची. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुडी पन्नासची केली. रांग सरकायला लागली, आणि कुटणारा दुसरा माणूस तिसऱ्या दिवशी घरी गेला.

दहा रुपयांचा तांबूल प्रत्येक पुडीत जास्त घातला, असं बाबा आजही छातीठोक सांगतात. मी मोजलेलं नाही.