ज्यांना हाक मारता येत नाही

मैत्रिणींनो, शेजारच्या घरात रात्री कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? प्रश्न भोचक वाटेल, पण मी तो उगीच विचारत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास सोलापुरात आमच्या फळीवरची भांडी खणखणली. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली आणि हे तसेच निघाले. थोरल्या वन्संचं सासर तिथून जवळच्याच एका खेड्यात होतं.

जाड दगडी भिंती नि वर मातीचं माळवद, अशी तिथली घरं. सगळी खाली बसली होती. हे सांगतात, मधूनच कुणीतरी ओरडायचं, ‘गप्प रहा!’ की पहारी, फावडी थांबायची आणि माणसं ढिगाऱ्याला कान लावायची. वन्सं तांब्या दगडावर आपटत होत्या, म्हणून सापडल्या. त्यांच्या सासूबाईंचा मात्र आवाज आला नाही. त्यांच्या नेहमीच्या खोलीच्या जागी उकरलं, तिथंही त्या नव्हत्या. मग माणसं हाका येत होत्या तिकडे वळली. चूक कुणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारीण भानावर आली नि म्हणाली, ‘अवो, पाहुण्यांना खोली देऊन म्हातारी कोठीत निजली हुती की!’ तिथं त्या सापडल्या, पण उशीर झाला होता. किती वेळ त्यांच्यात धुगधुगी होती, कोण सांगणार? यांच्या मनातून तो प्रश्न कधी गेला नाही.

पुढे २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला. चौतारा गावात चार पुरुष ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले, तेही एका यंत्रामुळे! अमेरिकेच्या नासा संस्थेने घडवलेलं ‘फाइंडर’ नावाचं हे यंत्र प्रवासी बॅगेएवढं आहे. ते ढिगाऱ्यात सूक्ष्म लहरी सोडतं. श्वासाने नि हृदयाच्या ठोक्याने छाती किंचित हलते, तेवढ्यानेही परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. हलणारी झाडं, जनावरं यांची गडबड वजा करून संगणक माणसाची खूण तेवढी वेगळी काढतो. अशा खुणा अधिक अचूक ओळखाव्यात म्हणून आता कृत्रिम बुद्धिमत्तेलाही शिकवण्याचं काम चाललं आहे. म्हणजे बेशुद्ध माणसाचीही हाक ऐकू येते! बातमी वाचून हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण मैत्रिणींनो, यंत्र पोचायला वेळ लागतो आणि ते कुठे ठेवायचं, हे कुणीतरी सांगावंच लागतं. म्हणून एवढं करा. उशाशी एक शिट्टी ठेवा. अडकलात तर ओरडून दम घालवू नका, नाकातोंडात धूळ जाते; भिंतीवर, नळावर ठोका. आणि घरातलं म्हातारं माणूस, तान्हं मूल कुठे झोपतं, ते शेजारी सांगून ठेवा.

आमच्या सासूबाईंनी गेल्याच आठवड्यात जागा बदलली. मी लगेच समोरच्या वहिनींना सांगून आले, ‘आई आता पुढच्या खोलीत, खिडकीपाशी झोपतात हं!’