आरामखुर्चीला चाकं

शहापूर

प्रिय नीलू,

तुझ्या नव्या सायकलीचा फोटो स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. शिपाईमामांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम झोपल्यात का निघाल्यात?" आरामखुर्चीला चाकं लावून नेदरलँड्समध्ये ऑफिस गाठणारी आमची एकच मैत्रीण, तेव्हा मीही जरा भाव खाऊन घेतला.

मीही अशीच घ्यावी म्हणतेस. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पाठ टेकलेली, मनगटांवर भार नाही, वाऱ्याला अंग अडत नाही. शार्ल मोशेने बनवलेल्या अशाच सायकलीवर फ्रान्सिस फोरने १९३३ साली पॅरिसमध्ये तासाभरात ४५.०५५ किलोमीटर मारले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने ती सायकलच शर्यतीबाहेर काढली. सोयीने नियम बदलणारे तिकडेही आहेत म्हणायचे!

पण बाई, माझा रस्ता शहापूर-मुरबाडचा. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ५४८ ए, पुढे कर्जत-खोपोलीला जाणारा. वारा कापल्याचा फायदा वेग असेल तर. वीटभट्टीचा ट्रक आणि लग्नाचं वऱ्हाड यांच्या मधून वाट काढताना कसला वेग? खड्डा आला की मी पायडलवर उभी राहते, दणका गुडघे खातात. तुझ्या सायकलीवर उठायची सोयच नाही, सगळं थेट कण्यात. चढावरही उभं राहून रेटता येणार नाही. हलका गिअर टाकून गुपचूप पाय फिरवायचे.

आणि आपला पाऊस! तोंड आभाळाकडे, म्हणजे सरी थेट नाकात, आणि रेनकोटच्या ओच्यात तळं. लावणीच्या दिवसांत शेतातून चढलेले ट्रॅक्टर रस्ताभर चिखल करून ठेवतात, तो उडणार खांद्यापर्यंत. कुत्र्यांशी तर समोरासमोर बोलणीच करावी लागतील.

गंमत म्हणजे बसून हाकायची सायकल इथे नवी नाही. दिव्यांगांची हाताने फिरवायची तीनचाकी आपण लहानपणापासून बघतोय. १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी तसल्या बनवते. नाक्यावर मोबाईलची कव्हरं विकणारे एक काका तसल्याच तीनचाकीवरून येतात. पाठीमागे बांबूची काठी, काठीला भगवं फडकं. म्हणाले, "डंपरवाल्याला मी दिसत नाय, काठी दिसते." तुझ्या फोटोतही सीटमागे तसलंच निशाण आहे की!

काकांची गाडी बघूनच माझं मन तीन चाकांवर गेलं. तोल सांभाळायला नको, चढावर कितीही रेंगाळलं तरी पाय टेकायला नको. फक्त तीन चाकांना तीन वाटा लागतात, त्यामुळे एक खड्डा चुकवला तर दुसरा हमखास लागणार. पण संध्याकाळी घरी येताना माहुली गडाचे सुळके समोर असतात; मान न अवघडता ते बघत यावं, एवढी हौस आहे.

तर दिवाळीत येशील तेव्हा सायकल नको आणूस, विमानवाले सोलून काढतील. मापं आण. पाठ किती कलती, पायडल सीटपेक्षा किती वर, साखळी किती लांब. आमचा वेल्डिंगवाला म्हणतो, "मॅडम, माप द्या, बनवून टाकतो." सीट जाळीची घालू, घाम तरी जिरेल. आरसा मात्र तिकडचाच आण, मागून येणारा डंपर नीट दिसला पाहिजे.

तुझी,
मंदा