पाण्याखालचा बांध

कोरपन्यात राहून समुद्राच्या लाटांची चिंता करणे हा तसा बिनकामाचा उद्योग. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर. भोवती कापूस, सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी. ती चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी इथेच पसरलेल्या समुद्राच्या तळाशी साचली म्हणे, पण वर्गातली मुले मला विचारतात, “सर, समुद्र कसा असते जी?”

माझी सासुरवाडी मात्र रत्नागिरीजवळ, अगदी किनाऱ्यावर. सासूबाईंच्या वाडीतले माड दर पावसाळ्यात एकेक करून समुद्र नेतो आहे. त्यांचा नातू अभियांत्रिकी शिकतो. अभ्यासासाठी त्याने आजीचाच किनारा निवडला. गेल्या मे महिन्यात ओटीवर बसून तो तिला समजावत होता. काठावर दगडी भिंत घातली, तर लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या पायाखालचीच वाळू उपसते. त्यापेक्षा बांध थोडा आत, पाण्याखाली घालावा. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली, की ती फुटते. बांधावर खोली एकदम कमी होते, म्हणून मोठी लाट तिथेच फुटून जाते. तिची उंची निम्मी झाली, की जोर पाव उरतो! पुदुच्चेरीला २०१८ साली असा पोलादी बांध पाण्यात ठेवला आणि गेलेली पुळण परत आली.

सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारले, “आणि बांधावरून आत आलेलं पाणी परत कुठून जाणार रे?”

चिरंजीव हसले. “आजी, सगळं गणित त्याचंच आहे.”

आत तुंबलेले पाणी बांधाच्या दोन्ही टोकांकडून ओढ घेऊन बाहेर पडते आणि जाताना वाळू नेते. म्हणजे एकाची वाडी वाचते, दुसऱ्याची जाते. आमच्या तालुक्यात धुऱ्यावरून भाऊबंद कोर्टात जातात; समुद्रातला बांधही त्याच जातीचा निघाला! म्हणून संगणकावर समुद्राच्या हजारो चौकटी पाडायच्या आणि क्षणाक्षणाला प्रत्येकीतल्या पाण्याची उंची अन् वेग मांडायचा. बांध हातभर उंच केला तर काय, थोडा सरकवला तर काय, हे आधी कागदावर पाहायचे. खडकवासल्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तर बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर यंत्राने लाटा सोडतात. तिथल्या मोजमापाशी हे आकडे जुळले, तरच त्यांवर भिस्त ठेवावी. मला हा कडकपणा आवडला. आम्हा समीक्षकांना अशी लाटांची टाकी कुठली मिळायला!

“शेजारच्या काकूंची वाडी आहे ना तुझ्या चौकटींत?” सासूबाईंनी विचारले.

त्याने नकाशा पुढे ओढला. शेवटची चौकट नेमकी त्यांच्या कुंपणाशी संपत होती.

जेवणे झाल्यावर तो पुन्हा ओटीवर बसला. दक्षिणेकडे चौकटी वाढवायच्या होत्या. आता उत्तर यायला दुप्पट वेळ लागेल, अशी कुरकुर करीत होता; सासूबाईंनी त्याच्यापुढे कोकम सरबताचा पेला ठेवला आणि कंदील घेऊन त्या काकूंकडे गेल्या.